मशीन आले, शिकवणारा आला नाही

मे महिना लागला की मुंबईत दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक कोकिळेचा आणि दुसरा झाडांच्या फांद्या कापणाऱ्या मशीनचा. पहिला पहाटे सुरू होतो, दुसरा साडेनऊच्या सुमारास. पावसाळ्याआधी महापालिका रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करून घेते आणि सोसायट्यांनाही आपापल्या आवारातली झाडे बघून घ्या म्हणून सांगते. मग आमच्या प्रभादेवीतही गल्लीगल्लीत ट्रक उभे राहतात, दोरखंड सोडले जातात आणि रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर यांच्या फांद्या धडाधड खाली येतात. त्या मशीनला दुकानदार चेनसॉ म्हणतात, झाडावर चढणारी मुले नुसते 'कटर' म्हणतात. मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे 'साखळी-करवत' असा शब्द करून पाहिला, पण नातवाने तो हसण्यावारी नेला. तेव्हा आपण कटरच म्हणू.

आज मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकते. या कटरबद्दल आपण जेव्हा बोलतो तेव्हा फक्त झाडाच्या बाजूने बोलतो. झाड तोडावे की वाचवावे यावर वर्तमानपत्रात पत्रे येतात, सोसायटीच्या सभेत दोन तट पडतात. झाडांसाठी कायदाही आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. परवानगी घेतल्याशिवाय शहरातले झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जो माणूस हातात कटर घेऊन त्या झाडावर चढतो त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. झाडाला परवानगी लागते, माणसाला काही लागत नाही. माझ्या मते काम सांगणाऱ्याची, म्हणजे तुमची माझी, ही जबाबदारी आहे की कटर चालवणारा कसा चालवतो हे पाहावे, आणि नीट चालवत नसेल तर काम थांबवावे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला मशीनमधले काय कळते? प्रश्न रास्त आहे. माझे माहेर श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग आणि श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले आणि त्या दुपारी किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः झोपल्या. कोणी आजोबांनी लावलेले, कोणी पणजोबांनी लावलेले, सगळे आडवे. घराबाहेर पडायला वाट नव्हती. त्यानंतर माझ्या भाच्याने कटर विकत घेतला. आमच्या आळीत अजून दोघातिघांनी घेतला. भाच्याने फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले, "आत्ये, चार माणसांचं काम एकटा करतोय." मी विचारले, "शिकवलं कोणी?" तो म्हणाला, "त्यात काय शिकायचं? दोरी ओढली की चालू." हे ऐकून माझी झोप उडाली. मी त्याला मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेचे फोटो पाठवायला सांगितले आणि बसून वाचून काढली. पस्तीस वर्षे पोरांना "प्रश्न नीट वाचा" असे ओरडून सांगितल्यावर आपण पुस्तिका न वाचता कसे राहणार! त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. तेच आज सांगते आहे.

आपल्याकडे लाकूड तोडण्याची हत्यारे काही नवी नाहीत. कोयता आहे, कुऱ्हाड आहे, दोघांनी मिळून ओढायची मोठी करवत आहे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांना ताकद माणूस पुरवतो. माणूस दमला की हत्यार मंदावते, माणूस थांबला की तेही थांबते. कोयता चुकला तर लागतो, खोलही लागतो, पण एकदा लागतो. कटरचे तसे नाही. त्याला ताकद पेट्रोल पुरवते. त्याच्या पट्टीवरून दातेरी साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने फिरते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे. आपल्याकडे बस या वेगाने अंगावर आली तर आपण उडी मारून बाजूला होतो. इथे तो वेग आपणच हातात धरलेला असतो, मांडीपासून वीतभर अंतरावर. आणि त्या साखळीला पुढे लाकूड आहे की पाय, हे कळत नाही. म्हणूनच "मी लहानपणापासून कोयता चालवतोय" हे कटर चालवण्याचे शिक्षण होत नाही. हाताची सवय एका हत्याराची, धोका दुसऱ्याच जातीचा.

यातला सर्वांत मोठा धोका पुस्तिकेत पहिल्याच काही पानांत चित्र काढून दाखवलेला असतो. कटरच्या पट्टीचे टोक गोल असते. त्या टोकाचा वरचा पाव भाग फिरत असताना कशाला तरी टेकला, मग ती पलीकडची फांदी असो, भिंत असो की खाली पडलेला ओंडका असो, तर साखळी क्षणभर तिथे अडकते आणि तिची सगळी ताकद पट्टीला वर आणि मागे भिरकावते. वर आणि मागे म्हणजे थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे, खांद्याकडे. याला इंग्रजीतून आलेला शब्द किकबॅक. आपण 'उसळी' म्हणू. ही उसळी डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. 'मी सावध आहे' म्हणून ती टाळता येत नाही, कारण सावध माणसाचा हात हलेपर्यंत ती येऊन गेलेली असते. ती टाळायची असेल तर टोकाने कापायचेच नाही आणि टोक कुठे आहे यावरची नजर हलू द्यायची नाही.

या उसळीवर तोड म्हणून कटरला पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. उसळी आली की ती ढाल मनगटाला लागून पुढे ढकलली जाते, शिवाय झटक्यानेही ती आपोआप सुटते, आणि साखळी क्षणार्धात थांबते. हा चेन ब्रेक. थोडा इतिहास सांगते, जुनी खोड आहे. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली विजेवरचा आणि १९२९ साली पेट्रोलवरचा कटर तयार केला. तेव्हा तो दोघांनी मिळून पेलावा लागे. एका माणसाला झेपेल असा कटर १९५० च्या सुमाराला आला आणि चेन ब्रेक आला तो १९७० च्या दशकात. मधल्या वीसएक वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांनी जे भोगले त्यातून ती ढाल जन्माला आली. आपल्याला मशीन आयते, ढालीसकट मिळाले. पण त्या वीस वर्षांचा धडा खोक्यातच राहिला. फांद्यांत अडकते म्हणून ती ढाल काढून टाकलेले किंवा सुतळीने बांधून ठेवलेले कटर दिसतात. आता याला काय म्हणावे?

तर मग नीट चालवायचा म्हणजे कसा? मी मला समजले तसे सांगते. दोन्ही हातांनी धरायचा, डावा हात पुढच्या मुठीवर आणि अंगठा मुठीखालून वळवून. अंगठा वर ठेवला तर उसळीत मूठ सुटते. चालू करताना जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पायाचा पुढचा भाग दाबून दोरी ओढायची. एका हातात कटर लोंबकळत ठेवून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, हा प्रकार पडद्यावर मर्दुमकीचा दिसतो, पण तसा चालू झालेला कटर पहिल्यांदा स्वतःच्या गुडघ्याकडेच वळतो. खांद्याच्या वर उचलून कापायचे नाही. शिडीवर उभे राहून कापायचे नाही. स्वतः पट्टीच्या सरळ रेषेत न उभे राहता किंचित डावीकडे उभे राहायचे, म्हणजे उसळी आलीच तर ती खांद्याच्या बाजूने निघून जाते. एका फांदीकडून दुसरीकडे जाताना ब्रेक लावायचा. साखळीला धार हवी. धार गेली की भुशाऐवजी पिठासारखी पूड पडू लागते आणि माणूस नकळत जोर लावू लागतो. जोर लावला की तोल जातो. पट्टीला तेल हवे. पेट्रोल भरताना इंजिन गार होऊ द्यायचे, आणि भरलेल्या जागेपासून चार पावले लांब जाऊन मगच चालू करायचे. तोंडातली विडी त्याआधी विझवायची, हे वेगळे सांगायला नको, पण सांगते.

आणि अंगावर काय हवे? डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी, कानांना झापड, पायात टणक बूट. कानांची झापड लोकांना चैन वाटते. पण पेट्रोलच्या कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. रोज सहा तास तो ऐकणारा माणूस चाळिशीत बहिरा होऊ लागतो. वर्षानुवर्षे ती थरथर धरून बोटांतले रक्तही नीट फिरेनासे होते, गारठ्यात बोटे पांढरी पडतात. पण सगळ्यांत महत्त्वाची वस्तू आपल्याकडे सहसा दिसत नाही ती म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतची पायझाकणी. कटरच्या जखमा बहुतेक करून पायांना आणि डाव्या हाताला होतात. या पायझाकणीच्या आत चिवट धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी लागली की ती वरचे कापड फाडते आणि आतले लांबलांब धागे ओढून घेते. ते धागे कटरच्या चाकात गुंडाळले जातात आणि साखळी जाम होते. लोकरीचा गुंडा शिवणयंत्रात अडकल्यावर काय होते ते आठवा, अगदी तसेच. जीन्सची पँट यातले काही करत नाही. साखळीला जीन्स म्हणजे कागद.

आता आमच्या गल्लीत काय दिसते ते सांगते. विशीतला मुलगा, पायात रबरी चप्पल किंवा तीही नाही, कमरेला एक सुती दोर, तोंडाला फडके. एका हाताने फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात चालू कटर. वर चढून काम करायचे तर कंबर आणि मांड्यांना बसणारा पट्टा हवा, झाडाशी दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण एक दोर चुकून स्वतःच्याच साखळीने कापला तर दुसऱ्याने धरले पाहिजे. आणि तसले काम मुद्दाम शिकलेल्यानेच करावे असे जगभर मानतात. ब्रिटनमध्ये कामावर कटर वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण द्यावे लागते. इथे ट्रकवर बसून आलेल्या मुलाला मुकादम वर बघून म्हणतो, "चढ रे."

आपण गिरणगावातली माणसे. यंत्र माणसाचे काय करते हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. माझे सासरे गिरणीत होते. पट्ट्यात बाही अडकून हात गेलेल्या माणसांच्या गोष्टी या घराने ऐकल्या आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकांवर सक्ती केली की यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घाला. कामगारांनी चळवळी केल्या, निरीक्षक आले, जाळ्या लागल्या. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. आणि त्याच टॉवरच्या फाटकासमोर आज एक मुलगा उघड्या साखळीचे यंत्र घेऊन अनवाणी झाडावर चढतो. त्याच्या यंत्राला कुंपण नाही, त्याच्याजवळ निरीक्षक नाही, हजेरीपटावर त्याचे नाव असेलच असे नाही. गिरणीच्या चार भिंतींत जे नको म्हणून आपल्या आधीची पिढी भांडली, ते आपण रस्त्यावर मुकाट्याने पाहतो.

दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका इमारतीत असे झाले. गुलमोहराची फांदी अर्धी कापली गेली आणि स्वतःच्या वजनाने फाटत खाली आली. मुलाने अंग चुकवायला कटरचा हात खाली घेतला, आणि साखळी चालू होती. मांडीवर लागले. वरून उतरवायलाच बराच वेळ गेला. मुलगा वाचला, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही असे नंतर वॉचमनकडून कळले. मला सगळ्यात जास्त कशाने बोचले सांगू? त्या इमारतीत चौकशी केली तर त्या मुलाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. फांदीची परवानगी फाईलमध्ये नीट लावलेली होती.

खरे तर ती फांदी फाटणे टाळता येते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप घ्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचे. फांदी अलगद तुटते, साल ओढत नेत नाही. उरलेले खुंट शेवटी गळ्याजवळ कापायचे. तीन काप, पाच मिनिटे जास्त. त्यात झाडही वाचते आणि माणूसही. म्हणजे माणसाची काळजी घेणारा कामगार झाडाचीही घेतो. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

यावर ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले, "त्यांना रोजची सवय आहे." अहो, सवय म्हणजे आजवर उसळी आली नाही एवढेच. सवयीने साखळीचा वेग कमी होत नाही. दुसरे, "तेच घालत नाहीत, उकडतं म्हणतात." हे मात्र अगदी खोटे नाही. थंड देशांसाठी बनवलेली ती जाड पायझाकणी मे महिन्यात मुंबईत घालणे म्हणजे शिक्षाच. पण मग त्यावर उपाय करता येतात. मागून उघडी, फक्त पुढून झाकणारी झाकणी मिळते. काम सकाळी लवकर सुरू करावे, अकराला थांबावे, प्यायला गार पाणी द्यावे. आपण सोसायटीवाले सकाळी आठच्या आधी आवाज नको म्हणतो आणि भर उन्हात त्यांना चढायला लावतो. वर झाडामागे पैसे ठरवतो. झाडामागे पैसे म्हटले की घाई आली, आणि घाई हीच या मशीनची खरी मैत्रीण. दिवसाचा रोज ठरवा, मग बघा तो थांबून ब्रेक लावतो की नाही.

तिसरे उत्तर असे की, "झाड पडून माणसे मरतात, त्याचे काय?" तेही खरे आहे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळून ती गेली, सगळ्यांनी ते दृश्य पाहिले आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात शेकडो झाडे पडली. छाटणी करू नका असे मी म्हणतच नाही. करायलाच हवी. पण खालून चालणाऱ्याचा जीव वाचवायला वर चढणाऱ्याचा जीव पणाला लावायचा, हा कुठला हिशोब?

आता थोडे माझ्या कोकणातल्या मंडळींसाठी, कारण भाऊ, वहिनी, भाचे मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. उभे झाड कापण्यापेक्षा वादळात पडलेले झाड कापणे जास्त धोक्याचे असते. पडलेले झाड निवांत झोपलेले दिसते, पण त्याच्या अंगात ताण कोंडलेला असतो. घरातली प्लास्टिकची फूटपट्टी घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. दबलेल्या बाजूने खोलवर कापत गेलात तर लाकूड मिटते आणि कटर चिमटीत सापडतो. ताणलेल्या बाजूने एकदम कापलेत तर फूटपट्टी फटकन मोडावी तशी फांदी उडते. म्हणून आधी दबलेल्या बाजूला थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू, आणि उभे राहायचे ते फांदी जिकडे उसळेल त्याच्या उलट बाजूला. मुळासकट उपटलेले झाड तर आणखी फसवे. बुंधा कापून वजन कमी झाले की मुळांचा तो भलामोठा गड्डा धाडकन पुन्हा उभा राहतो. त्या खड्ड्यात पोरांना उतरू देऊ नका. झाडाखाली विजेची तार असेल तर महावितरणचा माणूस येऊन पुरवठा बंद केला असे सांगेपर्यंत हात लावायचा नाही. एकट्याने काम करायचे नाही. उभे झाड पाडताना बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब राहायचे. आणि झाड पडू लागले की पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवायची, अगदी मागे नव्हे, तिरपी मागे, कारण बुंधा कधी कधी मागे झेप घेतो.

हल्ली बॅटरीवर चालणारे छोटे कटरही मिळतात. बाल्कनीतली तुळस सोडून बाकी सगळे कापता येईल अशा थाटात त्यांची जाहिरात असते. दिसायला खेळण्यासारखे, आवाज कमी, एका हातात मावते. पण साखळी ती साखळीच. आवाज नाही म्हणून ती चालू आहे याचे भान राहत नाही, हाच त्यातला धोका. शिवाय विजेच्या मोटरचा जोर असा असतो की पायझाकणीचे धागे तिला पेट्रोलच्या कटरइतके खात्रीने थांबवतीलच असे नाही. साखळीला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची, ही सवय लावून घ्या. आणि नातवंडांच्या हाती लागेल असे ठेवू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या सोसायटीच्या सभेत यंदा छाटणीसाठी तीन दरपत्रके आली. सगळ्यात स्वस्त असलेल्याला मी विचारले, "तुमच्या मुलांना पट्टा, टोपी, पायझाकणी आहे का? विमा आहे का?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत कोणी विचारलं नाही." त्याचे ते वाक्य मला सगळ्या लेखापेक्षा मोठे वाटते. कोणी विचारलेच नाही, म्हणून नाही. मधल्या दराच्या माणसाकडे या वस्तू होत्या, त्याने फोटो दाखवले. फरक किती होता म्हणाल तर घरटी भागले तर एका वेळच्या पावभाजीइतका. सभेत अर्धा तास वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आपण काय त्याचे मालक आहोत का?" मी म्हटले, मालक नसू, पण काम आपले आहे. झाड आपले, पैसे आपले, घाई आपली, मग पाय तेवढा त्याचा एकट्याचा कसा?

आपण दहीहंडीच्या मुलखात राहतो. थरावर चढणाऱ्या गोविंदांसाठी किती वर्षे ओरड झाली, आणि आता गोविंदांचा विमा उतरवला जातो, खाली गाद्या, डोक्याला शिरस्त्राण दिसू लागले. लोकांनी विचारले म्हणून झाले. गोविंदा एक दिवस चढतो. हा मुलगा सगळा उन्हाळा चढतो, आणि हातात फिरती साखळी घेऊन. त्याच्यासाठी एवढे विचारायला काय हरकत आहे?

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीत छाटणी निघाली तर दर विचारण्याआधी पाच प्रश्न विचारा. कटर चालवणाऱ्याला कोणी शिकवले? चेन ब्रेक चालतो का, समोर दाखवा. शिरस्त्राण, जाळी, कानझापड, बूट, पायझाकणी आणि दोन दोरांचा पट्टा आहे का? विमा आहे का? आणि चढणाऱ्याचे नाव काय? कामाच्या दिवशी कमिटीतल्या एकाने खाली हजर राहावे, फाटकाजवळ दोर बांधून पोरांना आणि गाड्यांना लांब ठेवावे, स्वच्छ कापडाची जाड घडी आणि १०८ क्रमांक तयार ठेवावा. जखम झालीच तर त्या कापडाने जोरात दाबून धरायचे, मदत येईपर्यंत हात काढायचा नाही. आणि एका हाताने कटर चालवताना दिसला तर वरून नव्हे, खालूनच सांगायचे, "बाळा, आधी मशीन बंद कर, खाली ये, पाणी पी." शाळेत वर्ग बंद पाडण्याचा अधिकार बाईंना होता, इथे काम बंद पाडण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला असतो. तो वापरावा.

आमच्या सभेत शेवटी मधला दर मंजूर झाला, एका मताने. ते मत माझे नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे. ते कधी काळी गिरणीत जॉबर होते. त्यांनी भाषण केले नाही, नुसता हात वर केला. त्या हाताला दोन बोटे कमी आहेत.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? गावाकडे कटर कोणी कोणाला शिकवतो का? जरूर कळवा. आणि आमच्या भाच्याने पायझाकणी मागवली की नाही हे मी रविवारी फोनवर विचारणारच आहे, त्याने हे वाचले असेल अशी आशा आहे.